बुडबुडा पास

मार्चमध्ये एक्केचाळीस नग परत आले,
समुद्रावरून, लाकडी खोक्यात,
प्रत्येकावर लाल रंगाची फुली.
कारण एका ओळीत: आत बुडबुडे.
मी एक कापून पाहिला.
खरं होतं. मोहरीएवढी हवा
लोखंडाच्या पोटात झोपलेली.

ओतकामात याहून मोठी शिवी नाही.
वाळू ओली राहिली की येतो,
घाई केली की येतो,
सर्जेराव म्हणतो, ओतणाऱ्याचं मन थाऱ्यावर नसलं तरी येतो.
पुन्हा ओतले. जुलैत पास झाले.

आणि आता त्याच गिऱ्हाइकानं,
द्राक्षं पिळायची यंत्रं बनवणाऱ्या त्या फ्रान्सच्या माणसानं
भेट पाठवलीय: चार बाटल्या शॅम्पेन.
"म्हंजे," कोअरच्या वाळूचे हात पदराला पुसत
अनुसयाक्कानं विचारलं,
"आमचं बुडबुडं परत, आणि त्यांचं भेट?"

उद्यमनगरात सुट्टी. भट्टी गार.
दुधाच्या किटलीत बर्फ, बर्फात बाटल्या,
साच्याच्या फळीवर चहाचे काचेचे ग्लास.
मालकांनी, हिंदुराव इंगवल्यांनी, तार सोडवली
आणि गोटी सोडा फोडावा तसा अंगठा लावला.
बूच पत्र्याला लागलं.
शेजारच्या लेथवाल्याचं कुत्रं अजून भुंकतंय.

पहिली नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची.
जिभेवर शाळेतली पाटी,
ओल्या फडक्यानं नुकती पुसलेली,
मग लिंबाची कच्ची साल.
"साखर विसरलं काय रं?" मालक म्हणाले,
आणि ग्लास परत पुढं केला.

दुसरी काळ्या द्राक्षांची, पण रंग पांढरा.
यावर वाद झाला. सर्जेराव म्हणाला, फसवणूक.
अनुसयाक्का म्हणाली, का? एकाच बोकडाचा
पांढरा होतो, तांबडाही होतो.
साल वेळेत बाजूला काढली असंल त्यांनी.
तिनं पहिला घोट डोळे मिटून घेतला, औषधासारखा.
दुसरा डोळे उघडून.

बाबालाल मुल्लाणी पीत नाहीत.
चाळीस वर्षं वाळू मुठीत दाबून, हुंगून
सांगत आलेत पाणी किती.
मीटर नंतर तेवढंच दाखवतो.
"वास घ्यायला कुठं बंदी आहे," म्हणत
तिसऱ्या ग्लासावर वाकले.
ही जुनी होती, नऊ वर्षं तळघरात,
मेलेल्या खमिराच्या सोबतीनं.
बराच वेळ बोलले नाहीत.
"पहाटेची बेकरी," म्हणाले. "दुसरा ट्रे.
कडेला जरासा करपलेला.
आणि मागं... थांबा...
भुईमुगाचं टरफल. उन्हात तापलेलं."
मी घोट घेतला. टरफलासकट खरं.
पीत आम्ही होतो,
चव त्यांच्याकडून घेत होतो.

चौथी गुलाबी. तिचं कुणालाच धड आठवत नाही.
कोकम, असं मी वहीत लिहिलंय
आणि खाली सर्जेरावच्या अक्षरात: नाद खुळा.
भडंग संपला होता.

बाबालालनी माझा ग्लास उजेडाकडे धरला.
तळातून एकच धागा वर येत होता,
न तुटता, मण्यामागून मणी.
खिळ्यानं हलकंच ठोकलं, कास्टिंग ठोकतात तसं,
कान जवळ नेला.
"कुठनं निघतोय बघा मॅडम.
काचेला तळाशी चरा आहे.
चरा नसता, तर आला नसता."

अठरा वर्षं मी चरे शोधतेय.
खिशात खडू होता, लाल.
बाहेर काढला, बोटांत फिरवला,
परत ठेवला.

सकाळी किटलीत बर्फाचं पाणी,
आणि एका ग्लासाच्या तळाशी उरलेली गुलाबी,
सपाट, गुळगुळीत, एकही बुडबुडा नसलेली.
तपासणीत पास झाली असती.
ओतून टाकली, वाळूच्या ढिगावर.
बाबालाल दारातूनच ओरडले,
"तेवढी वाळू बाजूला काढा,
नाहीतर बुडबुडं येतील."